शिवी देण्याआधी अर्थ पाहा

मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत एका तरुण सभासदाने साधा प्रश्न विचारला. लग्नसराईत आपल्या कार्यालयात पहाटे चारपासून राबणाऱ्या आचारी-वाढप्यांची मजुरी शेवटची कधी वाढवली? उत्तर कोणी दिले नाही. मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ आवाज आला, "अरे, हा तर कम्युनिस्ट निघाला!" सभागृह हसले, अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. आम्हीही हसलो, हे कबूल करतो. ज्या शब्दाने एक रास्त प्रश्न गिळून टाकला, त्याचा अर्थ तरी हसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होता?

मराठीत आपण साम्यवाद म्हणतो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. साम्य म्हणजे सारखेपणा. तेव्हा कम्युनिस्ट म्हणजे सगळ्यांना एका मापाने मोजणारा, दुसऱ्याच्या ताटातले ओढून घेणारा, अशी समजूत होऊन बसते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'सामाईक' असा आहे. आणि सामाईक म्हणजे काय, हे वाड्यांत वाढलेल्या आपल्या घराण्यांना कोणी शिकवायला नको. विहीर सामाईक, चौक सामाईक, पण चूल ज्याची त्याची आणि ट्रंकेची किल्लीही ज्याची त्याची. मार्क्स-एंगल्सना सामाईक करायच्या होत्या त्या गिरण्या, खाणी, जमिनी. म्हणजे ज्यांच्या मालकीमुळे एक माणूस दुसऱ्याच्या श्रमावर हुकमत गाजवतो त्या गोष्टी. आजीच्या पाटल्या नव्हेत!

हा विचार मार्क्सच्या डोक्यातून एकाएकी निघालेला नाही. फ्रेंच राज्यक्रांतीने कायद्यापुढे समता दिली, पण पोट रिकामेच राहिले, असे म्हणणाऱ्या बाबफला १७९७ साली गिलोटिनवर चढवले. शब्द रूढ झाला तो १८४०च्या सुमारास फ्रान्समध्ये. पुढे परदेशात पोट भरायला गेलेल्या जर्मन कारागिरांच्या संघटनेने आपली भूमिका लिहून देण्याचे काम मार्क्स आणि एंगल्स यांच्यावर सोपवले आणि फेब्रुवारी १८४८मध्ये लंडनला तो प्रसिद्ध जाहीरनामा छापला गेला. त्याला 'समाजवादी' नाव का दिले नाही, याचे कारण एंगल्सने १८८८ साली सांगितले. तेव्हा समाजवाद ही मध्यमवर्गाची चळवळ होती, कम्युनिझम कामगारांची. म्हणजे आपल्यासारख्या पांढरपेशांच्या बैठकीत हा शब्द पहिल्यापासूनच अवघडलेला!

गंमत अशी की एंगल्स स्वतः कारखानदाराचा मुलगा. वडिलांनी त्याला मँचेस्टरला भागीदारीतल्या सूतगिरणीत धाडले. तिथल्या कामगारवस्त्या पाहून त्याने जे लिहिले, ते पुस्तक १८४५ साली निघाले. कापडगिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावलेल्या आपल्या इंदूरला हे सारे परके वाटायचे कारण नाही. होमी दाजी हा कम्युनिस्ट कामगार पुढारी १९६२ साली अपक्ष उभा राहिला, तेव्हा याच इंदूरने त्याला लोकसभेत पाठवले. हुकुमचंद मिल बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी हातावेगळे व्हायला डिसेंबर २०२३ उजाडला. तीस वर्षे! तोवर कित्येक कामगार वारले. सामाईक आणि खासगी यांतला फरक त्यांच्या घरच्यांना विचारावा.

"हे सगळे परकीय" असे म्हणणाऱ्यांनी डांग्यांचे नाशिक, डॉ. गंगाधर अधिकाऱ्यांचे पनवेल आणि वारल्यांत जाऊन राहिलेल्या गोदावरी परुळेकर आठवाव्यात. जाहीरनाम्यातल्या दहा मागण्यांत चढत्या दराचा आयकर आहे, सर्व मुलांना मोफत शिक्षणही आहे. सयाजीरावांनी १९०६ साली सबंध बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांना कोणी कम्युनिस्ट म्हटले नाही, उलट त्यांच्या तसबिरी आपण लावतो.

आता कॉम्रेड मंडळींनाही दोन शब्द. हा शब्द शिवी झाला, यात विरोधकांइतकाच तुमचाही हात आहे. लेनिनच्या पक्षाने १९१८ साली हे नाव घेतले आणि पुढे रशियात सामाईक विहिरीला कुलूप लावून किल्ली एकाच पक्षाच्या कंबरेला लटकली. १९३२-३३च्या दुष्काळात लाखो शेतकरी मेले, कारण त्यांचे धान्य सक्तीने उचलले होते. १९३७-३८ या दोन वर्षांत साडेसहा लाखांहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत जुने कम्युनिस्टही होते. "परिस्थितीच तशी होती" हे उत्तर आम्हाला मान्य नाही. जाहीरनाम्यात सगळी साधने सरकारच्या हाती एकवटण्याची भाषा आहे. त्या सरकारला जाब कोणी विचारायचा, याचे उत्तर मात्र तिथे सापडत नाही. ही उणीव मूळचीच, असे आमचे मत आहे. कोणाला राग आला तर येवो.

पण म्हणून मजुरी विचारणाऱ्या पोराला स्टॅलिनच्या पंगतीला बसवायचे? मजुरीचा प्रश्न मार्क्सच्या आधीही होता.

सभेचे इतिवृत्त आम्ही मागवून वाचले. त्यात तो प्रश्न नोंदलेलाच नाही; 'खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली' एवढेच आहे. आचारी-वाढप्यांच्या मजुरीचा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असे लेखी पत्र आम्ही कार्यकारिणीला दिले आहे. त्यावर अकरा सह्या आहेत.