अपुऱ्या कामाची विक्री

घरात आरंभिलेले काम अपुरे राहिले, तर त्याची वाच्यता करू नये असा आपल्याकडे संकेत आहे. अर्धा विणलेला स्वेटर पेटीच्या तळाशी जातो, अपुरे हस्तलिखित माळ्यावर जाते. परंतु काही अपुरी कामे इतकी अवजड असतात की ती लपवावयास जागा नसते. श्रीक्षेत्र नृसिंहवाडीतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबापुढे अशाच एका वस्तूचा प्रश्न उभा आहे. निराळ्या रूपाने तो वाचकांच्या घरीही केव्हा तरी येईल, म्हणून त्याचा येथे विचार करीत आहोत.

वस्तू म्हणजे बी.एस.ए. कंपनीची ‘एम २०’ ही जुनी विलायती मोटारसायकल. बर्मिंगहॅमच्या या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी अशा सव्वा लाखाहून अधिक गाड्या तयार केल्या. एकच सिलिंडर, ४९६ सी.सी.चे इंजिन, वेग बेताचा, पण यंत्र साधे आणि चिवट. घरातील काकांनी ती मोडक्या स्थितीत घेतली, संपूर्ण सुटी केली, चाकांना नवे स्पोक भरले, नवा पिस्टन आणला. आणि तेथेच काम थांबले. आता काकांची सत्तरी उलटली असून हात कापतो.

गाडी आहे तशी राहू द्यावी, असे म्हणण्याची सोय वाडीत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील हे गाव. पावसाळ्यात पाणी देवालयात शिरून पादुकांवरून वाहू लागले की दक्षिणद्वाराच्या स्नानास भाविकांची रीघ लागते. तेच पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली गावातील घरांतही आले. महापुराचा गाळ एकदा गिअरबॉक्सात किंवा मॅग्नेटोत शिरला, म्हणजे केलेले कामही वाया गेले. ठेवणे म्हणजे हळूहळू गमावणेच होय.

तेव्हा विकणे ठरले, पण कसे? थोरले बंधू म्हणतात, वजनावर भंगारात द्यावी. धाकटे म्हणतात, टाकी, मॅग्नेटो, कार्ब्युरेटर वेगवेगळे विकले तर पैसे अधिक येतील. थोरल्या वहिनींचे म्हणणे एवढेच, की काकांना विचारल्यावाचून एक खिळाही घराबाहेर जाऊ नये. आमचे मत वहिनींच्या बाजूचे आहे. वस्तूची अडचण साऱ्या घराला होत असली तरी तिच्यात घातलेली वर्षे एकाची आहेत. शिवाय कोणता तुकडा कोठे बसतो, हे सांगू शकणारा मनुष्यही तोच!

भंगाराचा मार्ग तर आम्हांस अगदीच नापसंत आहे. या गाडीचे पुष्कळ सुटे भाग अद्यापि नवे तयार होऊन मिळतात. तेव्हा ती पुरी होणे अशक्य नाही. सुटे भाग विकून पैसे अधिक येतीलही. पण मग ती गाडी पुन्हा कोणाच्याही हातून उभी राहणार नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात मोठा फेरफार न झालेल्या वाहनांची आपल्या देशात स्वतंत्र ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते. म्हणजे अखंडपणालाही किंमत आहे.

विक्रीपूर्वी कागद पाहावेत. इंजिनावरील व सांगाड्यावरील आकडे नोंदणीपुस्तकाशी जुळतात काय, पुस्तक कोणाच्या नावे आहे, हे आधी तपासावे. व्यवहार झाल्यावर नाव बदलून घेण्यात हयगय नको. नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

मग यादी करावी: झालेले काम, राहिलेले काम आणि हरवलेले भाग. ‘थोडेच काम बाकी आहे’ हे वाक्य विक्रेत्याने उच्चारूच नये. ते थोडे की फार, हे घेणाऱ्यास ठरवू द्यावे. गंजावर घाईने रंग देऊ नये. सुटे भाग डब्यांत घालून वर चिठ्ठ्या लावाव्यात. विलायती मापाच्या नटांना आपले मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत, म्हणून जुने पाने गाडीबरोबरच द्यावेत. झिजलेला भागही टाकू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथवरचा कारागीर नवा बुश करून देईल, पण नमुना हाती असल्यास काम बिनचूक होते.

राहिली किंमत. खर्चिलेले सर्व पैसे परत येतील ही आशा धरू नये. घेणारा पुढचे श्रम मोजतो, मागचे नव्हे. दोन गिऱ्हाइकांत रकमेचा फरक थोडा असेल, तर गाडी पुरी करण्याचा उत्साह व ऐपत ज्याला आहे त्यासच ती द्यावी.

वहिनींनी विचारले, तेव्हा काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी वही मागून घेतली. यादी आता त्यांच्याच कापऱ्या अक्षरात चालू आहे, आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम घरातील मुलांकडे आले आहे. पावसाळ्यापूर्वी ती पुरी व्हावी, एवढीच आमची इच्छा.