माहितीपटाची साक्ष

जात, पोलीस आणि न्याय यांवरच्या माहितीपटांविरुद्ध तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. ते एकतर्फी असतात, शांतता बिघडवतात आणि निवाडा कोर्टाचा असताना मध्येच बोलतात. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या हट्टा गावात चौथाही निघू शकतो: मुंबईच्या भानगडींशी आपला काय संबंध?

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट समोर ठेवून हे आक्षेप तपासावेत. ११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये घोगरे यांचे गाणे होते. पुढली चौदा वर्षे पटवर्धन या प्रकरणाचा आणि शाहिरांच्या परंपरेचा माग काढत राहिले.

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, ही पोलिसांची बाजू. चित्रपट ती दडवत नाही. टँकर कुठे होते आणि गोळ्या कुठे लागल्या, हे दाखवून तो ती पारखतो. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरवला. दिग्दर्शकाची बाजू ठरलेली आहे, हे खरेच. पण ती पुराव्यानिशी मांडली असेल, तर तिला पुराव्यानेच उत्तर द्यावे लागते.

शांततेच्या नावाखाली दूरदर्शनने पटवर्धनांचा ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ दाखवायचे नाकारले होते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवायला लावला. सुटी दृश्ये उचलून नव्हे, तर संपूर्ण कृती पाहून मत बनवावे, असा त्या निकालाचा रोख होता. रमाबाई नगरात शांतता मोडली ती गोळीबाराने. चित्रपट त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

राहिला कोर्टाचा मुद्दा. गोळीबारप्रकरणी पोलीस उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली ती २००९ मध्ये, बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला. एवढ्या काळात साक्षीदार थकतात, काही मरतात. त्यांचे बोलणे जपून ठेवणे म्हणजे कोर्टावर कुरघोडी नव्हे. अमेरिकेत एरॉल मॉरिस यांच्या १९८८ च्या ‘द थिन ब्लू लाइन’ने डॅलसमधल्या पोलिसाच्या खुनाचा खटला पुन्हा तपासायला भाग पाडले, आणि त्यात दोषी ठरवला गेलेला रँडल अ‍ॅडम्स दुसऱ्याच वर्षी तुरुंगाबाहेर आला.

आणि हट्ट्याचा संबंध? २९ सप्टेंबर २००६ ला दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली ते खैरलांजी गाव बालाघाटला लागून असलेल्या भंडारा जिल्ह्यात आहे. त्याच नावाची तहसील बालाघाटातही आहे, आणि वैनगंगा दोन्ही जिल्ह्यांतून वाहते. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये आठ जणांना खुनाबद्दल शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. १९८९ चा तो कायदा हट्ट्यातल्या दलित-आदिवासींचेही संरक्षण आहे.

म्हणून ‘जय भीम कॉम्रेड’ हट्ट्यात जाहीरपणे दाखवावा. तिथल्या पोलीस ठाण्यातल्या पोलिसांना, बालाघाटच्या वकिलांना, शाळा-कॉलेजच्या मुलांना बोलवावे. ज्यांना तो एकतर्फी वाटतो त्यांनी शेवटपर्यंत पाहावा, आणि दुसरी बाजू तिथेच, सर्वांसमोर मांडावी.