कराचे बिल घरपोच, सभेचे निमंत्रण कधी?

पनवेल, प्रतिनिधी

पनवेल महापालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि जुलै २०२२ पासून सुरू असलेल्या प्रशासकीय राजवटीची अखेर दृष्टिपथात आली. जवळपास साडेतीन वर्षे या शहरात एकही नगरसेवक पदावर नव्हता. खड्ड्याची तक्रार असो वा उद्यानातील तुटलेल्या घसरगुंडीची, नागरिकांना थेट अधिकाऱ्याचे दार ठोठवावे लागत होते. राज्यातील इतर महापालिकांतही हेच घडले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडको वसाहतींतील रहिवाशांसाठी मात्र या काळाला आणखी एक कडवट किनार होती. ज्या काळात त्यांच्या हाती मालमत्ता कराची मोठमोठी बिले होती, त्याच काळात त्या बिलांबद्दल जाब विचारायला सभागृहच अस्तित्वात नव्हते.

या वसाहतींचा कारभार समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवी मुंबई वसवायची, हे तिचे काम. या शहराची रचना नोड नावाच्या स्वतंत्र वसाहतींत करण्यात आली. प्रत्येक नोडला रेल्वे स्थानक, बाजारपेठ, शाळेचा भूखंड, मैदान आणि समाजमंदिर असावे, ही मूळ कल्पना. आराखडा नेटका होता, रस्ते रुंद होते. मुंबईच्या चाळीतून आलेल्या माणसाला सेक्टरची मोकळी हवा हेच मोठे सुख वाटे. घर मात्र ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावरील जमिनीवर उभे असे आणि पाणी, रस्ते, दिवे, गटारे या सेवा सेवाशुल्काच्या मोबदल्यात सिडको पुरवीत असे. रहिवासी हा एका महामंडळाचा ग्राहक होता. सिडकोच्या संचालक मंडळावर त्याने निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता आणि असण्याची सोयही नव्हती.

उत्तरेकडील नोडना यातून तुलनेने लवकर वाट मिळाली. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ पासून काम करू लागली आणि वाशी, नेरूळ, बेलापूर टप्प्याटप्प्याने तिच्याकडे गेले. त्या महापालिकेने पुढे मोरबे धरण विकत घेऊन पाण्याचा प्रश्न स्वतःच्या हाती घेतला. दक्षिणेकडील नोड मात्र आणखी पाव शतक तसेच राहिले. पनवेल नगरपालिका १८५२ सालची, राज्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिच्या शेजारी खारघरमध्ये वीस-वीस मजली इमारती उभ्या राहत होत्या आणि कागदोपत्री तिथे ग्रामपंचायत होती! १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिका आणि लगतची २९ गावे एकत्र करून पनवेल महापालिका स्थापन झाली. रायगड जिल्ह्यातील ही पहिलीच महापालिका. मे २०१७ मध्ये पहिली निवडणूक होऊन ७८ जणांचे सभागृह अस्तित्वात आले.

खरा घोळ इथून सुरू झाला. महापालिका आली म्हणजे सेवा आल्या, असे झाले नाही. घनकचरा व्यवस्थापन, रस्ते, पथदिवे, उद्याने, मैदाने यांचे हस्तांतर वर्षानुवर्षे रेंगाळले. गावांतील जिल्हा परिषदेच्या शाळा कोणी चालवायच्या, यावरही दीर्घकाळ पत्रव्यवहार झाला. खारघर, कामोठे अशा नोडचा पाणीपुरवठा महापालिका आल्यानंतरही सिडकोकडेच राहिला. म्हणजे उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की मोर्चा सिडकोवर, कचरा साचला की महापालिकेवर आणि दोन्ही ठिकाणी हमखास मिळणारे उत्तर एकच, ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही.’

अशा स्थितीत २०२१ मध्ये मालमत्ता कराची बिले घरोघरी पोहोचली, तीही ऑक्टोबर २०१६ पासूनच्या थकबाकीसह. रहिवाशांचा आक्षेप साधा होता. ज्या वर्षांत सेवा सिडकोने दिली आणि त्यासाठी सेवाशुल्कही घेतले, त्याच वर्षांचा कर महापालिकेने का मागावा? प्रशासनाचे म्हणणेही निराधार नव्हते. कायद्याने महापालिका ज्या दिवशी स्थापन झाली, त्या दिवसापासून कर आकारणे हे तिचे कर्तव्य आहे. शिवाय कर हा सेवाशुल्कासारखा एखाद्या विशिष्ट सेवेचा मोबदला नसतो. मोर्चे निघाले, हरकती दाखल झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अनेकांनी निकाल लागेपर्यंत बिल भरायचेच नाही, असे ठरवले. थकीत रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, हे त्यातील कित्येकांच्या फार उशिरा ध्यानात आले. मूळ कराच्या शेजारी शास्तीचा आकडा फुगत गेला. २०२५ मध्ये महापालिकेने शास्तीत सवलत देणारी अभय योजना जाहीर केली, तेव्हा काहींनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याला मात्र आपण मूर्ख ठरलो की काय, असे वाटले असल्यास त्याला दोष देता येणार नाही. दरम्यान शेजारच्या मुंबईत २०२२ साली ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता करच माफ झाला होता. त्यामुळे पनवेलकरांच्या जखमेवर मीठ चोळले गेले, हे वेगळे सांगायला नको.

या वादात आजवर चर्चा झाली ती रकमेची. दर किती, सवलत किती, शास्ती किती. पण वाद इतका चिघळला त्याचे एक कारण रकमेपलीकडचे आहे. बिल पाठवण्यापूर्वी एखाद्या सेक्टरमधील चार-पाचशे नागरिकांना एकत्र बसवून, कोणती सेवा कोणत्या तारखेपासून आमच्याकडे आली, कोणती अजून सिडकोकडे आहे आणि या करातून तुमच्या भागात काय होणार आहे, हे सांगण्याची नियमित जागाच या शहरात नव्हती. समजावून सांगणारा कोणी नसेल तर प्रत्येक बिल हे खंडणीसारखे भासते.

गंमत अशी, की अशी जागा कायद्यात आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यात या समित्यांवर नगरसेवकांबरोबरच स्वयंसेवी व समाजाधारित संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. २००९ मध्ये राज्याने त्यापुढे एक पाऊल टाकले आणि महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. काही मतदान केंद्रांचा मिळून एक परिसर, त्यातील प्रत्येक मतदार या सभेचा सदस्य आणि नगरसेवक अध्यक्ष. भागातील कामांचा प्राधान्यक्रम सुचवणे, पथदिवे, सार्वजनिक नळ, शौचालये कोठे हवीत ते सांगणे, पाणी आणि स्वच्छतेतील त्रुटी नोंदवणे हे तिचे काम. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेचा निधी मिळवण्यासाठी ही तरतूद करणे भाग होते, म्हणून ती झाली. निधी मिळाला, सभा मात्र राज्यातील बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. त्यात बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीची भर पडली. एका प्रभागात चार नगरसेवक असतील तर कोणत्या भागाची सभा कोणी घ्यायची, या प्रश्नाची ढाल पुढे करून विषय बाजूला सारणे सोपे झाले.

खारघरच्या बाबतीत हे अधिक खटकते. २०१६ पूर्वी इथे ग्रामपंचायत होती, म्हणजेच ग्रामसभा होती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना सरपंचाला उभे करून हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला होता. त्या ग्रामसभांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सेक्टरमधील फ्लॅटधारकांपैकी कितीजण तिकडे फिरकत? ‘ती गाववाल्यांची सभा’ अशीच अनेकांची समजूत होती आणि गावकऱ्यांनाही शहरी मंडळींची लुडबूड नकोच होती. तरीही हक्क होता. शहराचा दर्जा वाढला, ग्रामसभा गेली आणि तिच्या जागी यायला हवी होती ती क्षेत्रसभा आलीच नाही.

मग या वसाहतींत नागरिक आणि नगरपालिका समोरासमोर येतात कुठे? उत्तर एकच आहे, कार्यक्रमात. गणेशोत्सव, नवरात्र, दहीहंडी, दिवाळी पहाट, छटपूजा, हळदीकुंकू, मॅरेथॉन, रक्तदान शिबिर. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येऊन वसलेल्या या वस्तीला उत्सवांनीच एकत्र बांधले आहे, हे निर्विवाद. शेजारच्या मजल्यावरील माणसाचे नाव गणपतीच्या आरतीत कळते, असा अनुभव असणारे रहिवासी सेक्टरगणिक भेटतील. गावठाणांत गावदेवीची जत्रा, पालखी यांचे मानपान पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. सेक्टरला अशी परंपरा नव्हती, ती त्याने वीस-पंचवीस वर्षांत हाताने घडवली. त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही.

मात्र या कार्यक्रमांत नागरिकाची जागा खुर्चीत असते आणि बोलण्याचा ध्वनिक्षेपक व्यासपीठावर. फलकांवर छायाचित्रे, सत्कार, मान्यवरांची भाषणे. नागरी सुविधाही याच चष्म्यातून पाहिली जाते. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले. आवश्यक प्रमाणपत्रे हाती आल्यानंतरही गाडी काही महिने उद्घाटनाच्या प्रतीक्षेत राहिली आणि अखेर १७ नोव्हेंबर २०२३ रोजी समारंभाविनाच धावू लागली. समारंभ नसला तरी प्रवासी तितक्याच आनंदाने गाडीत बसले, याची नोंद घ्यायला हवी.

खारघरच्याच भूमीवर १६ एप्रिल २०२३ रोजी राज्य सरकारचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळा झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. ते नियोजन महापालिकेचे नव्हते, कार्यक्रम राज्याचा होता आणि गर्दी राज्यभरातून आली होती. पण भर उन्हात लाखोंचा मेळावा भरतो तेव्हा सावली, पाणी, रुग्णवाहिकेचा रस्ता हे सारे स्थानिक प्रश्न बनतात. एप्रिलमधील दुपारी ते मैदान किती तापते, हे आसपास राहणाऱ्या कोणालाही सांगता आले असते. त्यांना विचारण्याची पद्धत मात्र नव्हती.

लहान कार्यक्रमांची कथा कमी त्रासाची नाही. सोसायट्यांच्या एखाद्या मंडळाला सेक्टरच्या मैदानावर मंडप घालायचा असेल तर आधी भूखंड कोणाच्या ताब्यात, याचा शोध घ्यावा लागतो. सिडकोचा असेल तर भाडे आणि अनामत तिकडे, हस्तांतरित झाला असेल तर महापालिकेकडे. शिवाय वाहतूक पोलीस, अग्निशमन दल, ध्वनिक्षेपकाची परवानगी. दरवर्षी हाच खेळ नव्याने. पनवेल शहरात आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, तिथे एकांकिका स्पर्धांची मोठी चुरस रंगते. खारघर-कामोठ्याच्या हौशी कलावंतांना मात्र तालमीसाठी समाजमंदिराची किल्ली मिळवतानाच दमछाक होते.

महापालिकेच्या सेवेचा आणि नागरिकांच्या उत्सवाचा संबंध किती घट्ट झाला आहे, हे २०२५ च्या गणेशोत्सवाने दाखवून दिले. सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आणि अवघ्या महिन्याभरात महापालिकांना तलावांची संख्या, जागा, निर्माल्य, मूर्तींची पुढील विल्हेवाट यांचा मेळ घालावा लागला. तलाव कोणत्या चौकात हवा, वृद्धांना तिथवर जाता येईल का, कोणत्या गल्लीत ट्रक अडेल, हे कार्यालयातील नकाशावर दिसत नाही. ते सेक्टरमध्ये राहणाऱ्याला ठाऊक असते.

क्षेत्रसभेसाठी नवा कायदा नको, वेगळा निधीही नको. शाळेचे सभागृह, एक सतरंजी, इतिवृत्त लिहिणारा कारकून आणि प्रभाग अधिकाऱ्याची दोन तासांची उपस्थिती एवढ्यावर ती भरू शकते. सिडकोचा अभियंता तिथे बसला तर पाण्यावरील टोलवाटोलवी त्याच टेबलावर थांबेल. अडचण आहे ती वेगळी. अशा सभेत नगरसेवकाचे भाषण होत नाही, त्याला उत्तरे द्यावी लागतात. नव्या सभागृहातील किती जण त्याला तयार होतील, याबद्दल शंका घेण्यास भरपूर वाव आहे. आणि रहिवासी? कर रद्द करा म्हणून रस्त्यावर उतरलेली गर्दी नाल्याच्या कामाची यादी वाचण्यासाठी रविवारची सकाळ देईल का, हेही पाहावे लागेल.

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. मंडपांच्या परवानग्या आणि विसर्जन तलावांच्या जागा त्याआधी ठरवाव्याच लागतील. हा विषय असा आहे, ज्यावर प्रत्येक सोसायटीला मत आहे आणि सभेला गर्दी जमवण्यासाठी कोणाला ऑर्केस्ट्रा ठेवावा लागणार नाही. पहिल्या क्षेत्रसभेच्या विषयपत्रिकेवर तो पहिल्या क्रमांकाला घेता येईल. मालमत्ता कर दुसऱ्या क्रमांकावर आपोआप येईलच.