जुनी हॉटेले, नवी वसतिगृहे: वॉटसनला तिसरा जन्म मिळावा

१/८ ऐतिहासिक वास्तू कोसळण्यापूर्वी बहुधा रिकामी होते. मुंबईत काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन, हे याचे ठळक उदाहरण. अशा वास्तूचे विद्यार्थी-वसतिगृह करणे हा तिच्या रक्षणाचा सर्वांत न्याय्य मार्ग आहे. मात्र काही अटींवर.

२/८ वॉटसनचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्याचा. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईस आणला गेला आणि १८६० च्या दशकाच्या अखेरीस येथे उभा राहिला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली, ती याच वास्तूत.

३/८ हॉटेल बंद झाले आणि प्रशस्त दालनांत आडभिंती घालून छोटे गाळे पाडले गेले. भाडेकरू अनेक झाले, देखभालीचा धनी मात्र कोणीच उरला नाही. २००६ साली जगातील १०० संकटग्रस्त वास्तूंच्या यादीत तिचे नाव आले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली.

४/८ वसतिगृहच का? हॉटेलची रचनाच त्याला अनुकूल असते: ओळीने खोल्या, लांब मार्गिका, सामाईक भोजनगृह. संग्रहालय वा कार्यालय करायचे तर बहुधा भिंती पाडाव्या लागतात. वसतिगृहात मूळ आराखडा बव्हंशी जसाच्या तसा नांदतो.

५/८ बॉस्टन विद्यापीठाने १९२५ साली बांधलेले माइल्स स्टँडिश हॉटेल १९४९ मध्ये, तर १९२३ चे शेल्टन हॉटेल १९५४ मध्ये घेतले. शेल्टनमध्येच १९५३ साली नाटककार यूजीन ओनील यांचे निधन झाले होते. त्यांचे भूत चौथ्या मजल्यावर वावरते, असे विद्यार्थी आजही सांगतात. इतिहास असा नांदत्या घरातच जिवंत राहतो. भारतीय उद्योजक व माजी विद्यार्थी राजेन किलाचंद यांच्या देणगीनंतर ही वास्तू त्यांच्या नावाने ओळखली जाते.

६/८ दुसरी बाजूही पाहावी. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने १८९५ चे ग्रँड हॉटेल १९४९ मध्ये घेऊन तेथे हॅमिल्टन हॉल हे वसतिगृह केले. अर्धशतकानंतर ते विकले गेले. आता तेथे श्रीमंतांच्या आलिशान सदनिका आहेत. वास्तू वाचली, विद्यार्थी बाहेर गेले.

७/८ वॉटसनपुढे आणखी एक गंभीर प्रश्न आहे. उघडे लोखंड आगीत ताकद गमावते. तापलेले ओतीव लोखंड पाण्याच्या माऱ्याने तडकू शकते. म्हणून सांगाड्याची दुरुस्ती, अग्निरोधक लेपन आणि स्वतंत्र जिने आधी, खाटा नंतर. शेकडो तरुणांचा जीव वारशाच्या प्रेमापोटी धोक्यात घालता येत नाही.

८/८ मुंबई विद्यापीठाचा फोर्ट परिसर येथून चालत काही मिनिटांवर आहे आणि दक्षिण मुंबईत बाहेरगावच्या विद्यार्थ्याला परवडणारी खोली मिळणे दुरापास्त. शासनाने ही वास्तू संपादित करावी वा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावी, आणि पुढे ती विकता येणार नाही, अशी अट करारातच घालावी. एके काळी मोजक्या धनिकांना थारा देणाऱ्या या छपराखाली लातूर-गडचिरोलीची मुले अभ्यास करू लागली, तर वारशाचा याहून मोठा सन्मान कोणता?