पालुपद कोणी म्हणायचे?

लोकगीत मूळ संदर्भातून उचलून रंगमंचावर आणले की ते निष्प्राण होते, हे गृहीतक समीक्षेत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटत नाही. स्कॉटलंडमधील नॉर्थ यूइस्ट बेटावरच्या जुली फाउलिस गेलिक श्रमगीते मैफलीत गातात. हा निकष लावला तर त्या अपराधीच ठरतात.

परंतु 'मूळ संदर्भ' म्हणजे नेमके काय? हेब्रिडीज बेटांवरील स्त्रिया ओले लोकरी कापड फळीवर आपटून घट्ट करीत. एक जण ओळ म्हणे, बाकीच्या पालुपद उचलीत. विसाव्या शतकात हे घरगुती काम यंत्रांनी संपवले, गायिकेने नव्हे. शिवाय या गीतांत जुन्या विलापिकांचे नि कुलप्रशस्तींचे तुकडे मिसळलेले आहेत. म्हणजे त्या फळीपाशीही ती अन्य ठिकाणांहूनच आली होती.

तेव्हा निकष स्थळाचा नव्हे, भाषेचा हवा. मार्जोरी केनेडी-फ्रेझर यांनी १९०९ पासून प्रसिद्ध केलेल्या संग्रहांत या चालींना पियानोची साथ आणि इंग्रजी शब्द देऊन त्या दिवाणखान्याच्या अभिरुचीत बसवल्या. फाउलिस यांनी २००७ च्या ध्वनिमुद्रिकेत आपल्या बेटाची गीते गेलिकमध्येच गायिली. मात्र २०१२ च्या 'ब्रेव्ह' चित्रपटात त्याच कंठातून इंग्रजी गाणी आली. बाजाराला आवाज हवा होता, भाषा नको होती. आक्षेप घ्यायचाच तर तो येथे घ्यावा.

अस्सलपणाच्या या चर्चेत एक गोष्ट दडून राहते. २०२२ च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारे ६९,७०१ आहेत. २०११ मध्ये ते सुमारे ५७ हजार होते. पण पश्चिम बेटांवर, जेथे ती आजही घरादाराची भाषा आहे, तेथे हे प्रमाण याच काळात ५२ टक्क्यांवरून ४५ वर घसरले. २००५ आणि २०२५ च्या कायद्यांनी भाषेला दर्जा दिला. बेटावर राहून पोट भरण्याची सोय केवळ दर्जाने होत नाही.

या गीताचा अर्धा भाग समूहाचा असतो. तो समूह का विरळ होत आहे, हे विचारण्याऐवजी उरलेला अर्धा भाग निष्ठेने गाणारीलाच जाब विचारणारी समीक्षा सोयीची खरी, प्रामाणिक नव्हे.