उसंतीचे टाके

दिवाळी आणि मे महिना या दोन सुट्ट्यांत शहरी मराठी माणसाला आपणांस दोन हात आहेत याची आठवण होते. दिवाळीत बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि घरी शिजवलेली खळ यांचा आकाशकंदील. अंगणात, आणि अंगण नसल्यास इमारतीच्या जिन्याखाली, मातीचा किल्ला. मे महिन्यात माळ्यावरून खाली काढलेली भरतकामाची रिंग, क्रोशाची सुई आणि गेल्या सुट्टीत अर्धवट राहिलेला रुमाल. या उद्योगांत आनंद आहे हे सिद्ध करण्याची गरज आम्हांस वाटत नाही. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने कंदिलाच्या झिरमिळ्या कापून चिकटवल्या, त्याला बाजारातला प्लास्टिकचा कंदील कितीही चकचकीत असला तरी परकाच वाटतो.

अलीकडे हा आनंद घ्यायला घराबाहेर पडण्याची रीत रूढ होऊ लागली आहे. चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड असे मुळशी धरणाकडे निघाले की रस्त्याच्या दुतर्फा शेतघरे आणि रिसॉर्टे लागतात. सुट्टीच्या दिवसांत चुलीवरचे जेवण आणि बैलगाडीची फेरी यांच्या जोडीला मातीकामाचे, रंगकामाचे, क्वचित शिवणकामाचेही वर्ग तेथे भरतात. त्याला आमचा विरोध नाही. ज्या मातीत हे वर्ग भरतात तेथेच शिवणकामाचा एक जुना हंगाम होता, त्याचे स्वतःचे पंचांग होते, आणि पाहुण्यांच्या सुट्टीने तो हंगाम हळूहळू गिळला आहे. आमची तक्रार एवढ्यापुरतीच आहे.

हा हंगाम गोधडीचा. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. संस्कृतातली कंथा आणि बंगालची कांथा ही तिची नात्यातलीच. वर-खाली जुन्या लुगड्याचे पदर, आत धोतरे, सदरे, जीर्ण चादरी यांचे थर, आणि या सर्वांना एकत्र धरणारा साधा धावदोरा. काठाकडून सुरुवात करून एकात एक चौकटी शिवत मध्याकडे यायचे. यात अवघड असे काहीच नाही, आणि म्हणूनच ही कला आहे की नाही याबद्दल कलासमीक्षकांना फार काळ शंका होती.

आम्ही एकदा कागदावर हिशेब मांडून पाहिला. गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे, आणि टाक्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे दीड सेंटीमीटर, अंतर आहे असे धरा. एकूण शिवण सुमारे १५० मीटर भरते. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटीमीटर धरले तर १५,००० टाके. मिनिटाला १५ टाके पडले तरी १,००० मिनिटे, म्हणजे सोळा-सतरा तास. यात कपडे धुणे, काठ उसवणे, तुकडे जुळवणे, थर अंथरून ताणणे आणि दुखरी बोटे चोळणे धरलेले नाही. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

आता पंचांगाकडे. मुळशी हा भाताचा मुलूख. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे पिरंगुटपर्यंत येता येता तो झपाट्याने ओसरतो. शहरात दिवाळीचे कंदील लागतात तेव्हा येथे भात कापणीला आलेला असतो किंवा कापून पडलेला असतो. आंबेमोहोराच्या पेंढ्या बांधणाऱ्या बाईला दिवाळी ही सुट्टी नव्हेच. कापणी, मळणी, पेंढा रचणे हे उरकून थोडी उसंत मिळते ती शिमग्याच्या आगेमागे. तीही सलग नाही. राब भाजण्यासाठी शेण, पालापाचोळा, कवळ गोळा करणे, सरपण साठवणे, लग्नसराई हे सर्व त्याच दिवसांत. या कामांच्या फटीत, दुपारच्या सावलीत, ओटीवर गोधडी अंथरली जाई आणि शेजारणी आपापली सुई घेऊन येत. मृग लागण्याआधी ती पुरी व्हायलाच हवी असे, कारण पुढचे चार महिने काही वाळत नाही आणि अंगावर घ्यायला दुसरे काही नाही. आपण ज्याला छंद म्हणतो त्याला असा पावसाचा धाक नसतो.

मग यात आनंद होता काय? येथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. एक पक्ष गोधडीला आजीच्या मायेची ऊब म्हणून कवटाळतो आणि तिच्या थरांतली गरिबी विसरतो. दुसरा पक्ष म्हणतो की हे निव्वळ दारिद्र्य होते, पैसा असता तर कोणीही रग विकत आणला असता. हे दुसरे म्हणणे बरेचसे खरे आहे. स्वस्त रग मिळू लागल्यावर पुष्कळ घरांनी तेच केले, आणि त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु केवळ गरजेपोटी शिवलेल्या गोधडीला लाल पट्टीशेजारी निळी का लागते? कोपऱ्यात त्रिकोणी तुकड्याचे टोक का काढले जाते? त्याने ऊब वाढत नाही. भात विकायचे की ठेवायचे, जमिनीचे काय करायचे, मुलीला कोठे द्यायचे हे बहुतेक घरांत पुरुष ठरवीत. कोणता तुकडा कोठे बसेल हे मात्र शिवणारी ठरवी, आणि त्यात कोणी तोंड घालीत नसे. गोधडीचा आनंद आमच्या मते या अधिकारात होता. हातातल्या कामाची आखणी आपली, वापरणारे आपले, आणि काम करण्याचा वेळही, चोरून काढलेला का होईना, आपला.

याच मुळशीतल्या बायकांच्या दुसऱ्या एका निर्मितीचे नशीब अधिक चांगले. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या कामाची मुळे याच तालुक्याच्या डोंगरी गावांत आहेत. संग्रह एक लाखाच्या पुढे गेला आणि २०१७ पासून तो 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होत आला आहे. जाते थांबले तरी ओवी राहिली. गोधडीचे तसे होत नाही. विरलेली गोधडी फेकत नाहीत, ती नव्या गोधडीच्या पोटात जाते. तीही विरली की तिसरीच्या. जुन्यातली जुनी गोधडी नेहमी आत असते आणि ती पाहायची तर नवी उसवावी लागते.

मुळशीत पाण्याखाली गेलेल्या गोष्टींचा विषय निघाला की धरण येतेच. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळेच्या खोऱ्यातील जमिनी जाणार हे दिसताच १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते या लढ्यात. बायकाही त्यात उतरल्या होत्या. लढा हरला, धरण झाले, भातखाचरे बुडाली. घर आणि शेत उचलून नेता येत नाही. अंथरूण-पांघरूण तेवढे नेता येते.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे खेडे आहे. तेथेही १९६०च्या दशकात धरण बांधले गेले आणि गावाची उत्तम शेतजमीन पाण्यात गेली. तेथल्याही बायका शेतात झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रकलेशी केली, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ मध्ये शिवणाऱ्यांपैकी तिघींनी आपल्याला योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून न्यायालयात दावे लावले. ते पुढे मिटले. तथापि जगाने डोक्यावर घेतल्यानंतरही पैशाचा प्रश्न आपोआप सुटत नाही एवढे त्यांतून कळते.

मुळशीत तो प्रश्न आज वेगळ्या रूपात उभा आहे. हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात. तेथून पश्चिमेकडे जमिनींचे भाव चढत गेले, खाचरे विकली गेली, त्यांवर शेतघरे उठली. विकणाऱ्यांच्या घरातल्या कित्येक बाया आता त्याच जागी साफसफाई आणि स्वयंपाक करतात. या कामाला पगार आहे, उन्हातले चिखलकाम नाही, आणि त्यांनी पुन्हा चिखलात जावे असे म्हणणे हा शहाजोगपणा होईल. पण या कामाचा हंगाम कोणता? दिवाळी, नाताळ, मे महिना आणि प्रत्येक शनिवार-रविवार. पौडच्या पलीकडल्या एका गावातील एका मावशींनी आम्हांस सांगितले की त्यांची शेवटची गोधडी तीन उन्हाळे अर्धी पडून आहे. मे महिन्यात एक दिवस सुट्टी मागितली तर मालक म्हणतात, सुट्टीतच कशी सुट्टी? सुट्टी घालवायला गेलेल्या शहरी माणसाने त्या वाक्यावर जरा थांबावे.

कोणी म्हणेल, मग गोधड्या विकत घ्या, त्यांच्या हाती पैसा जाईल. घ्याव्याच. फक्त वर मांडलेला हिशेब सोबत ठेवावा. नुसत्या टाक्यांचे सोळा-सतरा तास, तयारी धरून तीन-चार दिवस. त्या भागातल्या शेतमजुरीच्या दराने गुणाकार करावा, सुताचे पैसे मिळवावेत आणि जो आकडा येईल त्याच्या खाली घासाघीस करू नये. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मान तुकवणारी माणसे ओटीवर बसून शे-दोनशे रुपयांसाठी वाद घालताना आम्ही पाहिली आहेत, आणि ती वाईट माणसे नव्हती. हाताने केलेली वस्तू फावल्या वेळची म्हणून स्वस्त, अशी आपली एक पक्की समजूत आहे. फावला वेळ ज्याचा असतो त्याला तो फुकट मिळालेला नसतो.

शहरातल्या घरात स्वतः सुई हाती घेण्याबद्दल मात्र आमचा आग्रह आहे. तान्ह्या बाळाचे दुपटे हा उत्तम आरंभ: दोन हात लांबी, तीन थर, मऊ जुने सुती कापड. मोबाइल बाजूला ठेवून आठ दिवस रोज तासभर बसले तर होते. तेव्हा कळते की हजारावा टाका पहिल्यासारखा येत नाही, मान धरते, आणि तरीही उठवत नाही. सुती कापड मिळेल का, ही खरी अडचण. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या सावरल्या नाहीत, १९८५च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली, आणि आज कपाटातल्या जुन्या साड्यांत निखळ सूत शोधावे लागते. गोधडीनेही हा बदल पचवला आहे. पॉलिएस्टरच्या साडीची गोधडी घाम टिपत नाही, पण मुळशीच्या पावसात ती लवकर वाळते, आणि तिकडच्या बाया हे जुन्या सुताच्या आठवणीने हळवे न होता सांगतात.

ज्यांना तिकडून गोधडी शिवून हवी असेल त्यांनी ती दिवाळीच्या सहलीत मागू नये. तेव्हा मागणारे सगळेच असतात आणि शिवणारीचे हात भांड्यांत असतात. माघात सांगावे, निम्मे पैसे तेव्हाच द्यावेत आणि मृगाआधी आणायला जावे. आपल्या घरच्या जुन्या साड्या धुऊन, काठ उसवून सोबत न्याव्यात. गुळगुळीत साड्याही चालतात. मात्र त्यांचे थर सरकतात म्हणून टाका जवळजवळ घालावा लागतो, आणि त्याचे तास वेगळे धरावेत.