मोडीत घडणावळ शून्य

आमच्या शहराच्या सराफ्यात जुनी चांदी घेऊन गेलात की क्रम ठरलेला असतो. आधी काट्यावर वजन, मग टंच, मग पोकळ दागिन्यात भरलेल्या लाखेची वजावट. उरलेल्या चांदीला त्या दिवसाचा भाव. या हिशोबात घडणावळीचा रकानाच नाही. नवा दागिना घेताना जी मजुरी आपण मुकाट्याने मोजतो, ती मोडीत देताना शून्य होते.

तरीही माझं भांडण सराफाशी नाही. तो धातू विकत घेतो आणि तसंच सांगतो. माझं भांडण माझ्यासारख्या संग्राहकांशी आहे.

पेशाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेली चार वर्षं रविवारी शहागंज, सिटी चौक, सराफा अशी फेरी मारून वाक्या, तोडे, सरी जमवतो. आम्ही स्वतःला वारशाचे रक्षक म्हणवतो. आटणीत गेला असता तो दागिना आम्ही वाचवला, असं छाती फुगवून सांगतो. आणि खाली लिहितो काय? ‘लमाणी. अँटिक. अंदाजे शंभर वर्षं.’ घडवणाऱ्याचं नाव नाही, घालणारीचं नाही, गावाचंही नाही. सराफ दागिना आटवतो, आम्ही त्याची हकिकत आटवतो. फरक इतकाच की आमच्याकडे मूस नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘आपल्या जुन्या दागिन्यांवर शिक्काच नसतो. मेक्सिकोची गोष्ट वेगळी.’ मेक्सिकन चांदी जमवणारा दागिना हातात आला की आधी उलटा करतो, हे खरं. पण तो शिक्का आभाळातून पडलेला नाही. १९३१ साली विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकन माणसाने टास्को गावात चांदीची कार्यशाळा काढली. तिथे शिकलेल्या अँतोनियो पिनेदा आणि कास्तिय्यो बंधूंनी पुढे स्वतःच्या कार्यशाळा काढल्या आणि मालावर स्वतःचे शिक्के उमटवले. आज त्या नावांना चांदीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त किंमत मिळते. नाव टिकलं, कारण ते टिकवायचं असं कुणीतरी ठरवलं.

आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी सक्तीचा आहे. त्यावरून शुद्धता कळते. ती वस्तू कुणाच्या लग्नातली, हे कळत नाही. जुन्या चांदीवर तर तेवढंही नसतं. तिची हकिकत फक्त विकणाऱ्याच्या तोंडी असते आणि तो समोर उभा आहे तोवरच असते.

हे मी चुकून शिकलो. दोन वर्षांपूर्वी कन्नडकडच्या एका तांड्यावर मी घुगरी-टोपलीची जोडी घेतली. बंजारा समाजात केसांत माळायचा हा सवाष्णीचा दागिना. विकायला नातू आला होता. मी वजन तीनदा तपासलं, टंच विचारला, घासाघीस केली. आजीचं नाव एकदाही विचारलं नाही. ती आत ओट्यावर बसली होती. डबीवर आज माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘लमाणी, कन्नड, ९६ ग्रॅम.’

म्हणून लोकांनी दागिने विकूच नयेत, असलं काही मी म्हणणार नाही. माझ्या आजीने १९७२च्या दुष्काळात वाकी मोडून ज्वारी आणली. ‘अडीनडीसाठीच केली होती,’ एवढंच ती सांगायची. दागिना म्हणजे बाईची बँक. बँकेतून पैसे काढले म्हणून तिला वारशाचे धडे देण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. जबाबदारी विकणारीची नाही, घेणाऱ्याची आहे.

दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती असल्या घरगुती वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह शासनाच्या हवाली केला. त्यांच्या खिशात रेकॉर्डर नव्हता. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

तेव्हा घासाघिशीआधी पाच प्रश्न विचारा. कुणाचा? कुणी घडवला? कुठे? कधी घातला? आता का विकताय? विकणाऱ्याची हरकत नसेल तर उत्तरं त्याच्याच शब्दांत रेकॉर्ड करा आणि दागिन्यासोबत ठेवा. एवढंही जमत नसेल तर संग्राहक म्हणवून घेऊ नका. मग आपणही मोडच घेतोय, फक्त जरा जास्त भावाने.

येत्या रविवारी मी कन्नडला जातोय. ओट्यावर ती आजी असेल, अशी आशा आहे.